गाडीतली ओल

मरांगच्या किनाऱ्यावरून परतल्यावर रोस्लान अंगणातच गाडी साफ करायला लागला. कंबर मोडून आली होती, पण मिठाने पत्रा खाल्ला असता. त्याची सहा वर्षांची लेक नुरैन मागच्या सीटवर बसल्याबसल्या झोपून गेली होती.

त्याने तिच्या पायांखालची वाळू झाडून काढली. वळून पाहिलं तर तिथे पुन्हा वाळू, ओली, लाटांच्या रेघा उमटलेली.

"अहो, आधी तिला आत आणा की!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"एवढं झालं की आणतो."

तिसऱ्यांदा झाडताना सीटवर ओलीची रेघ चढलेली दिसली. चौथ्या खेपेला ती नुरैनच्या गळ्याशी पोचली होती. फ्रॉक मात्र कोरडाच होता.

झाडू टाकून त्याने तिला गदागदा हलवलं.

"आबा," ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पाय टेकत नाहीयेत."