ऑफर रिटर्नवर आहे

"चाचा, तिकीट स्वस्त झालं तर वरचे पैसे परत देता, की खिशात घालता?"

आभानं एका दमात विचारून टाकलं. काचेच्या दाराबाहेर तिच्या मैत्रिणी सान्वी आणि बदर एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. शेवटचे तीन शब्द त्यांचेच. ते गाळायचे नाहीत, अशी अट होती. दहावीत ब्याण्णव टक्के काढणारी पोरगी एवढ्याशा अटीला घाबरते होय!

नूरुद्दीनचाचांनी चष्म्यावरून पाहिलं. ते मूळचे दापोलीचे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या निम्म्या मराठी घरांची तिकिटं त्यांच्याच या चिंचोळ्या एजन्सीतून निघायची. ते रागावले नाहीत. उलट समोरची खुर्ची दाखवली.

"बस. एकदा बुकिंग झालं की एअरलाइन फरक देत नाही. देत असती तर मी इथं बसलो असतो का?"

"पण मी चेक केलंय ना!" आभानं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "पुणे रिटर्न, अकराशे पन्नास दिरहम. मार्चमध्ये सतराशे नव्वद होतं. सिक्स फोर्टीचा डिफरन्स, एका माणसामागे! रुपयांत पंधरा हजारांच्या वर जातं, चाचा."

"हुशार आहेस." चाचा हसले. "मग एकच रस्ता. जुनं कॅन्सल करायचं, दंड भरायचा, नवीन काढायचं. दंड अडीचशे. तरी थोडे उरतात."

"तीनशे नव्वद. तिघांचे अकराशे सत्तर!" तिनं मागे वळून काचेकडे अंगठा उंचावला. बाहेर सान्वीनं उडीच मारली. "यल्ला चाचा, करून टाका."

"थांब, बुकिंग तर बघू दे. बाबांचा नंबर सांग."

तिनं सांगितला. चाचांनी टाइप केला, पडदा वरखाली केला.

"तीन नाहीत, दोनच आहेत. तू आणि साधनाभाभी."

"बाबा मागून येणार असतील. त्यांचं ऑफिसचं काहीतरी असतंच."

"आणि ही ऑफर रिटर्नवर आहे. तुमचं वन-वे आहे. त्याचा भाव आहे तिथंच आहे."

आभा हसली. "वन-वे कसं असेल? आम्ही दर जुलैला रिटर्नच काढतो. मिस्टेक झालीये तुमची."

"माझी?" चाचांना ती मस्करीच वाटली. "अगं, राजनभाई याच खुर्चीत बसून काढून गेले. फॅमिली कायमची पुण्याला, ते एकटे इथं. बेडस्पेससुद्धा मीच बघून दिली त्यांना, अल क्वोजला. चांगली आहे. एका खोलीत सहाच पलंग..."

मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"या अल्ला," ते म्हणाले. "तुला घरी सांगितलं नाही?"

आभाला एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सहा पलंग. बाबांना अंधार लागतो झोपायला. पॅसेजमधला दिवा राहिला तरी ते उठून बंद करून येतात. सहा जणांच्या खोलीत दिवा बंद करायला कुणाला सांगणार ते?

"कधी ठरलं हे?" तिनं विचारलं.

"मार्चमध्येच. म्हणाले, नोकरी अर्ध्या पगारावर आली, घरभाडं झेपणार नाही. पोरीचे पेपर होऊ देत, मग सांगतो."

पेपर झाले. निकालही लागला. त्या दिवशी बाबांनी केक आणला होता. "आभा, तुला एक सांगायचंय," म्हणाले होते, आणि मग म्हणाले, "उरलेला फ्रीजमध्ये ठेव." ती किती हसली होती त्यांना!

चाचांनी पाण्याची बाटली उघडून पुढे ठेवली. तिनं घेतली नाही.

"मी आले होते हे बाबांना सांगू नका."

"नाही सांगणार, बेटा."

बाहेर पडते न पडते तोच दोघी अंगावर आल्या. "विचारलंस? तस्संच विचारलंस? किती मिळाले?"

"काही नाही," आभा म्हणाली. "नॉन-रिफंडेबल आहे."

घरी बाबा सोफ्यावर बसले होते, ऑफिसचे बूट अजून पायात. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. आभाला पाहून बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आभा, बस जरा. तुला एक..." त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. "तुला... एसी फार होतोय का गं?"

"नाही होत," आभा म्हणाली. ती बसली नाही. "आई, गॅस बंद कर आणि इकडे ये. मला दोघांना एक सांगायचंय."

आई पिठाचे हात तसेच घेऊन आली.

आभानं मोठा श्वास घेतला. स्टेजवर डिबेटला घ्यायची तसा. "मी अकरावी पुण्यात करणार. तिथं कॉलेज असतं, युनिफॉर्मची कटकट नाही. आई माझ्याबरोबर येईल. इथली शाळा मला आता बोअर होते."

बाबांच्या हातातला रिमोट कलंडला, गालिच्यावर पडला. आई एकदा तिच्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिली.

"आणि बाबा, मला समजवायला बसू नका," आभा म्हणाली. "हे मी एकटीनं ठरवलंय."