अब्बांचा माऊस

अब्बा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांचा माऊस दुरुस्त केला. आखाडा बाळापूरला घराला लागूनच त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. माऊस कीबोर्डच्या डावीकडे ठेवलेला आणि सेटिंगमध्ये दोन्ही बटणांची अदलाबदल केलेली.

"अब्बा, तुमी इतकी वर्षं असंच चालवून राहिलात? काहून न्हाई सांगितलं?"

"तू हायेस ना बेटा. कर बराबर," ते हसून म्हणाले.

मी बटणं सरळ केली, माऊस उजवीकडे ठेवला आणि कुणी विचारलं नसताना दहा मिनिटं समजावूनही सांगितलं. माझं वाचन दांडगं आहे, त्याचा त्रास घरच्यांनाच होतो.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहानंतर मी त्यांची अर्धवट राहिलेली एक पत्रिका पूर्ण करायला बसले. माऊस पुन्हा डावीकडे होता, बटणं पुन्हा उलटी. मी अम्मीला विचारलं.

"तू बाजारात गेलीस तवा त्यायनं परत फिरवून घेतलं. डावखुरे व्हते ना ते. जेवायचं-लिहायचं तेवढं लहानपणी मार खाऊन उजव्या हातानं शिकले. मला म्हणले, पोरीला सांगू नको, लई मन लावून केलंय तिनं."

मी बेचाळीस वर्षांची आहे. हे मला आजवर दिसलं नव्हतं.



मी डावा हात माऊसवर ठेवला आणि त्यांच्यासमोर एकदाही न म्हटलेलं वाक्य मोठ्यानं म्हटलं, "अब्बा, माझं चुकलं."