खोटा पेशंट

रांगेतल्या अकराव्या माणसाची नखं कापलेली होती. ताईंनी ते गाडीतूनच टिपलं आणि त्या सावध झाल्या.

फिरता दवाखाना रोज सकाळी पुलाखाली उभा राहायचा. उघड्यावर राहणारी माणसं रांग लावायची आणि दोन नर्स मलमपट्टी करायच्या, औषधं द्यायच्या. ताई नऊ वर्षं जुन्या. दुसरी कामाला लागून तीन महिने झाले होते, तिला सगळे नवी म्हणायचे.

वर्षातून एक आठवडा हेड ऑफिस खोटा पेशंट पाठवतं, हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. फाटके कपडे घालून परीक्षक रांगेत बसतो, खोटं दुखणं दाखवतो आणि कोण कसं वागलं त्याचे मार्क देतो. त्याला आजवर कुणीही ओळखलं नव्हतं. यावरूनच तो किती मुरलेला असणार ते दिसत होतं.

तो आठवडा सुरू झाला होता आणि यंदा मार्कांना महत्त्व होतं. नव्या नर्सना शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त होत होत्या. त्यांची जागा ताईंनी मनातल्या मनात चार वर्षांपूर्वीच घेतली होती. टेबल कुठे सरकवायचं तेही ठरलं होतं. मध्येच ही नवी कडमडली.

नवी जमिनीवर उकिडवी बसून जखमा धुवायची. कोणाचं कोणाशी आणि कशावरून वाजलंय, ते तिला पाठ असायचं. ती सुट्टीवर असली की लोक ताईंना विचारायचे, "आज कुणीच नाही का आलं?"

एक आजी तर ताईंनी दिलेली गोळी नवीला दाखवायला गेली.

"ताईंनी दिलीये ना आजी? मग डोळे मिटून घ्या," नवी म्हणाली.

हे ताईंना सगळ्यात जास्त झोंबलं.

घरीही दुसरा विषय नव्हता. शेवटी नवरा म्हणाला, "तिला एकदा बोलावूनच घे. नाहीतरी राहते ती इथेच."

आत्ता एक झिंगलेला गडी नवीच्या बुटावर ओकला. "असू दे मामा, बूट जुनेच आहेत," म्हणत ती त्याचं तोंड पुसू लागली.

"बघा, कसं लोणी लावतेय," ताई ड्रायव्हरकाकांना म्हणाल्या. "तिला वाटतंय तोच परीक्षक."

"तो? अहो, सहा महिने इथेच लोळतोय."

"तेच म्हणते मी. निवड चुकली तिची."

तेवढ्यात अकराव्या माणसाने एका बाईला आपल्या पुढे जाऊ दिलं. पुलाखाली असं नऊ वर्षांत घडलं नव्हतं. ताईंची खात्रीच पटली. त्या स्वतः खाली उतरल्या.

"या काका. उभे कशाला? खुर्ची घ्या."

काकांनी पायाची चिंधी सोडली. आत हिरवट जखम होती आणि तिला घाण वास मारत होता. ताई थक्क झाल्या. हेड ऑफिसने यंदा वासापर्यंत मेहनत घेतली होती. नऊ वर्षांच्या नजरेलासुद्धा ती जखम खोटी वाटत नव्हती.

ताईंनी कोमट पाण्याने पाय धुतला. "दुखतं का हो?" हे चारदा विचारलं, नवीला ऐकू जाईल अशा बेताने. पाऊण तास गेला.

"हॉस्पिटलात का नाही जात काका?"

"माझा कुत्रा आहे," काका म्हणाले. "त्याला आत घेत नाहीत. त्याला टाकून मी जात नाही."

प्रश्न अवघड होता. पण ताई तयारीत होत्या.

"कुत्रा माझ्याकडे राहील. तुम्ही आत्ताच निघा."

काकांनी ताईंना नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "तो रडतो. झोपू देत नाही."

"मग नाही झोपणार मी," ताई म्हणाल्या. याला जादा मार्क असणार, यात शंका नव्हती.

हॉस्पिटलची गाडी आली आणि काकांना घेऊन गेली. पुढच्या चौकात उतरून ते पायावरचा मेकअप पुसतील, असा ताईंचा अंदाज होता.

संध्याकाळी नवऱ्याने दारात विचारलं, "हा कोण?"

"हेड ऑफिसचा आहे," ताई म्हणाल्या. "नीट बोल त्याच्याशी."

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं.

"जागा तुमची," त्या म्हणाल्या. "दोन दिवस उशीर झाला असता, तर त्या गृहस्थांचा पाय गेला असता. सहा वर्षांत शहरात ठिकठिकाणी हॉस्पिटलच्या चार गाड्यांना त्यांनी नाही म्हटलं होतं. का नाही म्हणता, ते विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

ताईंनी विचारलं, "म्हणजे जखम... खरी होती?"

"सगळ्यांच्याच खऱ्या असतात. खोटा पेशंट नसतोच हो. दरवर्षी चहाच्या वेळी ती वावडी मीच उठवते. आठवडाभर का होईना, सगळे माणसाकडे माणसासारखं बघतात. शिकवायची याहून चांगली तऱ्हा मला सापडली नाही. यापुढे ती तुम्ही उठवायची."

जागा मिळाली होती. तरी ताईंच्या तोंडून आधी निघालं ते वेगळंच. "आणि नवीला हे कळलं तर?"

"तिला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "रुजू झाली त्याच दिवशी इथे बसून रडली, परीक्षेची फार भीती वाटते म्हणाली. मग मीच सांगून टाकलं, बाई गं, निर्धास्त काम कर, इथे तुझ्याकडे कुणीही बघत नाही."