वेणीला लागलेला हात

रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत अभयने एक भांडण मिटवून टाकलं.

'आपलं परळ-लालबाग' हा फेसबुक ग्रुप तो सांभाळायचा. कोणाला प्लंबर हवा असतो, कोणाचं मांजर हरवलेलं असतं, कोणी गल्लीच्या तोंडावर आडवी गाडी लावून गेलेला असतो. सगळं आधी अभयच्या नजरेखालून जायचं. बाकी चालवून घ्यायचा, पण वैयक्तिक भांडण नाही म्हणजे नाही.

आणि इथे दोन बायका कडाकडा भांडत होत्या. लालबागच्या दुर्गा परब यांनी एक जुना फोटो टाकला होता. सात मुली, मध्ये शील्ड, खाली ओळ : 'सत्त्याहत्तरची कबड्डी फायनल. आम्ही परळला हरवलं.' त्याखाली कुणी कौसल्या सोनवणे उगवल्या होत्या.

'शील्ड परळचीच होती. हिचा हात मला लागलाच नव्हता.'

'लागला होता. वेणीला.'

'वेणी म्हणजे काय अंग आहे?'

'मग काय गंगावन लावून खेळत होतीस?'

'खोटारडी ती खोटारडीच राहिलीस.'

एव्हाना अर्धं परळ एकीकडे आणि अख्खं लालबाग दुसरीकडे झालं होतं. अभयने सगळ्या कमेंट लपवल्या, पोस्ट बंद केली आणि दोघींना आठवडाभर लिहायला बंदी घातली.

"सत्तरीला आल्यात," तो प्रितीला म्हणाला. "शोभतं का हे?"

"शोभत नाही, पण वाचायला मजा येत होती," त्याची बायको म्हणाली. "गंगावन!"

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपच्या माहितीत त्याचा नंबर होता.

"आमचं भांडण खंय गेलं?" पलीकडून एक खणखणीत आवाज आला. "मी दुर्गा परब बोलतेय."

"काकू, त्यांनी तुम्हाला खोटारडी म्हटलं, म्हणून मी..."

"मग म्हणू दे की! ती पहिल्यापासून म्हणायची. अरे बाळा, मला कुणीतरी सांगितलं होतं, कौसल्या गेली म्हणून. करोनात. एवढी वर्षं मी तेच धरून बसले होते. आज सकाळी तिनं मला खोटारडी म्हटलं आणि मला कळलं, आहे! ती आहे! कुठे राहतेस ते विचारायला जाते, तर तू कुलूप घालून मोकळा."

अभयने चहा बाजूला सारला. कमेंट परत आणल्या, दोघींची बंदी उठवली. पण कौसल्या सोनवणे ग्रुपमध्ये नव्हत्याच. जाताना त्यांनी त्याला एक निरोप ठेवला होता : 'जिथे खरं बोलू देत नाहीत, तिथे मी राहत नाही.' त्याने तीनदा मेसेज केला, माफी मागितली. उत्तर नाही.

"अख्ख्या ग्रुपला विचार ना," प्रिती म्हणाली.

"काय विचारू? नियमात बसत नाही."

"मग बसव. नियम तूच केलेत ना?"

अभयने लिहिलं, 'कौसल्याताई सोनवणे यांना कोणी ओळखत असेल, तर कृपया कळवा. चूक माझी आहे. त्यांना इथे हवं तेवढं भांडायची मुभा आहे. दुर्गाताई वाट बघतायत.'

मग तो पोस्टकडे बघत बसला. आधी लोकांनी नुसते हसरे चेहरे टाकले. मग कोणी त्यांना भोईवाड्यात पाहिलेलं, कोणी म्हणे त्या माहेरी साताऱ्याला गेल्या. दुपारी जेवण झालं तरी धागा लागेना. दुर्गाताईंचा दोनदा फोन येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त "सापडली?" एवढंच विचारलं, तेही हळू आवाजात.

चारच्या सुमारास वडाळ्याच्या गौतमची कमेंट आली. 'आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. फोन बंद लागतोय, रागात झोपल्या असणार. दार वाजवतोय.' आणि थोड्या वेळाने अभयच्या फोनवर अनोळखी नंबर.

"जयभीम. मी कौसल्या सोनवणे. ती दुर्गी कुठे आहे?"

संध्याकाळी परळच्या मैदानावर ही गर्दी. ग्रुपमधली माणसं लेकराबाळांसकट आली होती. दुर्गाताई आधीच येऊन उभ्या होत्या. कौसल्याताई टॅक्सीतून उतरल्या, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. सगळ्यांना वाटलं, आता गळ्यात पडणार.

"वेणीला लागला होता," दुर्गाताई म्हणाल्या.

"नव्हता," म्हणत कौसल्याताईंनी काठी अभयच्या हातात दिली आणि चपलेच्या टाचेने मातीत लांबलचक रेघ ओढली. "ये. दाखव कसा लागला ते."

"आजी, जपून!" मागून कोणीतरी ओरडलं. लक्ष कोण देतंय!

दुर्गाताईंनी पदर खोचला, रेघेला हात लावून कपाळाला लावला आणि छातीभर श्वास घेऊन आत शिरल्या. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज कापत होता, पण सुटत नव्हता. कौसल्याताई हात पसरून, वाकून, डोळ्याला डोळा भिडवून उभ्या. दोन पावलं पुढे, एक मागे.

आणि अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर दुर्गाताईंना हसू फुटलं. कबड्डीतला क कुठल्या कुठे गेला. दम तुटला.

"बाद!" कौसल्याताई किंचाळल्या. "दम गेला! बाद!"

बाद झालेल्याने मैदानाबाहेर जायचं असतं. दुर्गाताई तिथेच मातीत बसल्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत. कौसल्याताईही हळूहळू, गुडघा सांभाळत, त्यांच्या शेजारी टेकल्या.

मग कौसल्याताईंनी दुर्गाताईंच्या पाठीवरची माती झटकली.

"चल, ऊठ," त्या म्हणाल्या. "आता माझी चढाई."