ओल्या फडक्यातला वाडगा

सुज्ञ वाचकहो, फ्रँक राजांच्या अमदानीत आमच्या सायप्रस बेटावर, लापिथोस गावी, एका कुंभाराने लेकीच्या लग्नासाठी वाडगा कसा घडविला, याचा वृत्तांत यथामती निवेदन करीत आहे.

"उजेडात ये, पोरी. वेणी पुढे घे आणि हलू नकोस," लोइझोस म्हणाला.

त्याच्या मांडीवर तांबड्या मातीचा वाडगा होता. वर पांढऱ्या मातीचा लेप होता. लेप ओला असेतोवरच त्यावर सळईने चित्र कोरता येई. मनगटावर ससाणा घेतलेला नवरदेव निकिफोर कोरून झाला होता. आता शेजारी नवरी, म्हणजे त्याची थोरली मुलगी अनेझू, उमटत होती.

"नाक मोठं काढू नका हं, बाबा."

"आहे तेवढंच काढतोय. वाडग्यात मावलं म्हणजे मिळवली."

धाकटी मारू खुदकन हसली.

फळीवर आणखी एक वाडगा ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता.

"तो कशाला?" अनेझूने विचारले.

"एखादा भट्टीत तडकतो. जोड असावी."

इतक्यात शेजारची थेओफानोकाकी दारात येऊन उभी राहिली. "काय रे लोइझोस, त्या निकिफोरच्या घरचा हा तिसरा वाडगा ना?"

आमच्याकडे वधूवर एकाच वाडग्यातून मद्य पितात, आणि पत्नी वारली की तो वाडगा तिच्यासोबत पुरला जातो. निकिफोरचे दोन वाडगे दोन वर्षांत जमिनीत गेले होते.

"तापानं गेल्या त्या, काकी."

"ताप गळ्यावर बोटं उमटवतो होय रे? दोघींना मीच शेवटची आंघोळ घातलीय."

अनेझूचे हसू मावळले. "बाबा, नाही म्हणा ना त्याला."

लोइझोसचा हात थांबला. "पांढरी माती त्याच्या टेकडीशिवाय कुठं आहे? जावई आहे तोवर खणू देईन म्हणालाय. ती नसली तर मी कोरू कशावर, आणि तुम्हाला घालू काय?" त्याचे डोळे भरून आले. "देवळात शपथ घ्यायला लावलीय मी त्याला. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही."

काकी उंबऱ्याबाहेर थुंकली आणि निघून गेली. लोइझोसने लेकीच्या वेणीचा पेड न् पेड कोरला. पुढे हिरव्या-पिवळ्या झिलईसह वाडगा भट्टीतून निर्दोष बाहेर आला.

लग्नात अनेझूने त्यातून कसाबसा एक घोट घेतला. लोइझोस तर इतका रडला, की चौघांनी त्याला धरून बसविले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारू भट्टीजवळची खोली झाडीत होती. फळीवरचे फडके तिच्या हाताला ओले लागले. त्यावर कोणी नुकतेच पाणी शिंपडले होते. तिने ते उलगडले. ससाणा घेतलेला निकिफोर कोरून तयार होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"बाबा, यात नवरीच नाही."

लोइझोसने सळई पुसून हाती घेतली.

"उजेडात ये, पोरी," तो मायेने म्हणाला. "वेणी पुढे घे आणि हलू नकोस."

येथवर वाचलेत, याबद्दल आपला ऋणी आहे.
नम्र, याकोवोस, लापिथोस