खोडरबर

आमच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर काहीही टाकायचं असलं की ते आधी माझ्याकडे येतं. 'हमखास', 'कायमचा', 'शंभर टक्के' असले नियमात न बसणारे शब्द दिसले की मी कात्री चालवते. मार्केटिंगवाले मला 'खोडरबर' म्हणतात.

बाबांच्या पायाची जखम शुगरमुळे चिघळली होती. आमच्याच डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून बजावलं होतं, आणि बाबा मात्र फोनवर जाहिरात बघून मागवलेलं कसलंसं तेल लावत बसले होते.

"यांनी हमखास गुण येईल असं छापलंय," ते म्हणाले. "तुमच्यात काय लिहिलंय, दाखव."

मी ऑपरेशनचं पान उघडून दिलं. चष्मा चढवून त्यांनी मोठ्याने वाचलं, "पाय वाचण्यास मदत होऊ शकते. परिणाम प्रत्येक रुग्णात वेगळा असू शकतो."

मग फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "तुमच्या डॉक्टरांनाच खात्री दिसत नाही." आणि पुन्हा तेलाची बाटली उघडली.

मी समजावलं, चिडले, हातापाया पडले. ते ढिम्म. शेवटी त्यांच्या नजरेला नजर न देता मी म्हणाले, "बाबा, पाय हमखास वाचेल. शंभर टक्के. मी सांगते ना!"

बाबांनी बाटलीचं झाकण लावलं आणि बऱ्या पायात चप्पल सरकवली.



"मग हे आधीच लिहायला काय झालं होतं तुम्हा लोकांना?"