मंद्रूपचा सत्कार

"चांगलं असेल तरच बोल," सदऱ्याची बटणं लावत मंत्री सयाजीराव म्हणाले. "नाहीतर विजयसभेनंतर."

गुरुशांतने उघडलेलं तोंड मिटलं. अकरा वर्षं तो साहेबांचा स्वीय सहायक होता, आणि सोलापुरातल्या त्या बंगल्याचा नियम त्याला पाठ होता. साहेबांच्या टेबलावर वाईट बातमी ठेवायची नाही.

सीमेवर लढाई जुंपून तीन आठवडे झाले होते. साहेब रोज संध्याकाळी टीव्हीवर सांगत, "आपल्या जिल्ह्याचा एकेक पोरगा सुखरूप आहे." सांगताना त्यांचा गळा असा काही दाटून यायचा, की रुमाल आधीच खिशात घडी घालून ठेवावा लागे.

त्या सुखरूप पोरांपैकी एक, मंद्रूपचा गुरु नावाचा जवान, बारा दिवसांपूर्वीच मातीत गेला होता. गुरुशांतच्या बहिणीचा एकुलता एक. साहेबांना कळवलं होतं की! त्यांनी तो कागद उलटा ठेवला आणि आधीच ठरवलेली विजयसभा होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असा हुकूम सोडला. मेलेला पोरगा आपल्याच माणसाचा भाचा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी कधी विचारलंही नाही. गुरुशांतने तीनदा सांगायला तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा साहेबांचा पंजा वर झाला.

रविवारी तो मंद्रूपला गेला. त्याची बहीण निंगव्वा थंड चुलीपुढे बसली होती.

"आण्णा, काय म्हनला तुजा सायेब?"

"काय न्हाय."

"चोरासारखं पुरलं रं माज्या लेकराला. आमच्यात गेलेल्या मानसाला लाकडी विमानात बसवून खांद्यावरनं नेत्यात, फुलांनी सजवून, वाजतगाजत. गावानं समदी तयारी केलती. आन सरकारी मानसं आली. म्हनली, पेटी उघडायची न्हाय, उजाडायच्या आत उरका." तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. "मला पैसा नगो, पदक नगो. त्यानं एकदा समद्यांम्होरं म्हनावं, निंगव्वाचा गुरु गेला म्हनून. बास."

"म्हनंल."

"कवा?"

 गुरुशांतला स्वतःची लाज वाटली. ज्याच्या चपला अकरा वर्षं सरळ करून ठेवल्या, त्याच्यापुढे भाच्याचं नाव घ्यायची आपली छाती होत नाही! तो उठला आणि सरपंच धुळाप्पांना भेटायला मठात गेला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीबाही झाकलेलं होतं. त्याच्याच शेजारी दोघं तासभर हलक्या आवाजात बोलत बसले.

सोमवारी सकाळी तो साहेबांपुढे हसतमुखाने उभा राहिला.

"चांगली बातमी आहे, साहेब. मंद्रूपकरांना तुमचा सत्कार करायचाय."

साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंद्रूप? ते गाव तर तापलंय म्हणतात."

"मी कालच जाऊन आलो. त्या पोराच्या घरात शिरलो, तर रडणारंसुद्धा कुणी दिसलं नाही."

"काळे झेंडे वगैरे?"

"एकही नाही."

"मग निवेदन देतील. काहीतरी मागतीलच."

"पैसा नको म्हणतात. तुम्ही यावं आणि दोन शब्द बोलावेत, एवढंच. तुमच्यासाठी फुलांचं आसन सजवणार आहेत. खांद्यावरून मिरवणूक काढतील."

"खांद्यावरून?" साहेब आरशाकडे वळले. "चॅनलवाल्यांना सांग. सगळं थेट दिसलं पाहिजे."

"सांगितलंय, साहेब."

गुरुवारी चार वाजता साहेबांची गाडी मठापुढे थांबली. अख्खं गाव लोटलं होतं. माड्यांवर बायका, रस्त्यावर भजनी मंडळ, पुढे हलगी. मठाच्या दारात ते आसन उभं होतं. चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट, वर कमान, आणि झेंडूची फुलं इतकी की लाकूड दिसेना. साहेब ऐटीत चढून बसले. मठाच्या स्वामींनी त्यांच्या कपाळाला विभूती फासली, गळ्यात रुद्राक्षाची माळ घातली.

"गुलाल नाही का रे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"इथे विभूतीच लावतात, साहेब," गुरुशांत म्हणाला. त्याने स्वतः पुढच्या दांडीला खांदा दिला.

"हर हर महादेव!" गाव गरजलं आणि मिरवणूक निघाली. साहेब दोन्ही हात हलवत होते. वरून फुलं पडत होती. कॅमेरे उलटे चालत पुढे सरकत होते, आणि घराघरांत लोक हे पाहत होते. इतका आनंद साहेबांना मंत्रिपदाच्या शपथेलाही झाला नसेल.

बाजारतळावरचा मांडव आला आणि मागे पडला.

"अरे, स्टेज मागे राहिलं की!"

"पुढं हाय, साहेब," गुरुशांत म्हणाला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच साहेबांशी गावच्या बोलीत बोलला. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

गाव संपलं. ओढा ओलांडून मिरवणूक एका मोकळ्या रानात थांबली. हलगीही थांबली. समोर ताज्या मातीचा एक ढिगारा होता, त्याच्यावर सैनिकाची टोपी. शेजारी नवाच खणलेला खड्डा होता. साहेबांचा हलणारा हात हवेतच राहिला.

"खाली... खाली घ्या मला."

कुणीच खांदा काढला नाही. निंगव्वा गर्दीतून पुढे आली. गुरुशांतने खांद्यावरचा भार न हलवता एका हाताने चॅनलवाल्याचा माईक घेऊन तिच्याकडे दिला. सगळे कॅमेरे तिच्याकडे वळले.

"सायेब, हे माज्या गुरूसाठी बांधलेलं विमान हाय," ती म्हणाली. "जिल्ह्यातलं कुनी मेलंच न्हाय म्हनता न्हवं? मग आज आमी हे मढं कुनाचं आनलंय, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."